पाण्याखालचा तास

आप्पांनी ताटावर चमचा आपटला तेव्हा आई भाकरी थापत होती, माझी बहीण प्रणोती मोबाईल बघत जेवत होती आणि मी जेवत जेवत तिचा मोबाईल बघत होतो. चमचा आपटणं म्हणजे इकडे बघा. त्या उन्हाळ्यात आप्पांचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढून टाकलं होतं आणि शर्टाचं पहिलं बटण येतं तिथे श्वास घ्यायला एक भोक ठेवलं होतं. नाक आता फक्त चष्मा टेकवायला उरलं होतं.

त्यांनी प्रणोतीच्या हातातून मोबाईल घेतला. त्यावर काळे रबरी कपडे घातलेली दोन माणसं समुद्राच्या तळाशी उभी होती. तोंडात नळ्या, पाठीवर टाक्या. एकानं अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला. दुसऱ्यानंही गोल केला. मधून एक मासा गेला. व्हिडिओ संपला.

आप्पांनी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. भाकरी गार झाली. शेवटी त्यांनी आमच्याकडे एकेक करून बोट दाखवलं, मग मोबाईलकडे, आणि पंजा हळूहळू जमिनीच्या दिशेनं खाली नेला.

"कुठे जायचं म्हणतायत?" आईनं मला विचारलं.

"समुद्राच्या तळाशी," मी म्हणालो. "भाकरी बांधून घे."

आप्पा हसले. म्हणजे खांदे हलले आणि गळ्यातून फुस्स आवाज आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आई तव्यावरची भाकरी विसरली. ती करपली आणि त्या भाकरीबद्दल आमच्या घरात कोणीच काही बोललं नाही. हे आमच्या घराच्या इतिहासात कधी घडलेलं नव्हतं.

आप्पांनी निम्म्या सांगलीला पोहायला शिकवलं होतं. कृष्णेच्या घाटावर सकाळी पोरांच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, पोरगं रडेपर्यंत गोड बोलायचं आणि रडलं की ढकलायचं, अशी पद्धत. शिट्टीशिवाय त्यांना काही लागत नसे. ती शिट्टी आता दाराच्या मागे खिळ्याला होती. तोंडातून वाराच येत नाही, तर शिट्टी कशी वाजणार? एकदा त्यांना ती ओठात धरून उभं असलेलं मी बघितलं होतं. मग त्यांनी ती शर्टाला पुसली आणि परत अडकवली.

दवाखान्यातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. आप्पांनी ते लावून एकदाच "पाणी" म्हटलं. आवाज असा आला, जणू मिरजेची गाडी फलाट बदलून येत असल्याची स्टेशनवरची घोषणाच. प्रणोती हसली, मग रडली, मग परत हसली. यंत्र डब्यात गेलं. पाटी आणून दिली, तर तिच्यावर ते शेंगांची टरफलं ठेवायला लागले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. माणूस घरात होता आणि नव्हता.

सगळ्यात वाईट आईचं झालं होतं. पूर्वी त्या दोघांचं सकाळच्या चहाला सुरू झालेलं भांडण रात्रीच्या ताकापर्यंत टिकायचं. आता उलट बोलू न शकणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? आई त्यांच्याशी इतकं गोड बोलायला लागली की आम्हाला भीती वाटायची. "घेता का हो थोडं?" "उशी देऊ का हो?" आप्पा तिच्याकडे बघून डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला आप्पा परत हवे होते. ते समुद्राच्या तळाशी सापडणार असतील, तर तिथे जायची माझी तयारी होती.

स्थळ तारकर्ली ठरलं. गळ्यातल्या भोकात पाणी गेलं तर ते थेट फुप्फुसात जातं, म्हणून डॉक्टरांनी आप्पांना तांब्यानं अंघोळ करतानासुद्धा जपायला सांगितलं होतं. त्यामुळे आप्पा होडीत बसणार आणि आम्ही तिघं खाली जाणार. आईला पोहता येत नव्हतं. निम्म्या सांगलीत ती बसत नव्हती. न येणाऱ्यालाही हात धरून नेतात, असं दुसऱ्या एका व्हिडिओत सांगितलं होतं. बुकिंगचं कसं, असं मी विचारलं तेव्हा आप्पांनी छातीवर हात ठेवला. मी बघतो. मालवणात त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. चार दिवसांनी त्यांनी बोटांचा गोल करून दाखवला. झालं.

मग सराव सुरू झाला.

पहिला सराव चिमट्यांचा. पाण्याखाली तोंडानं श्वास घ्यायचा असतो, म्हणून आप्पांनी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आमच्या नाकांना लावले. आई चिमटा लावून कणीक मळायची. मी चिमटा लावून नोकरीचे अर्ज भरायचो. एका कंपनीनं फोनवर माझी मुलाखत घेतली आणि सर्दी झाली आहे का, असं विचारलं. नोकरी मिळाली नाही, पण सराव मोडला नाही.

दुसरा सराव खुणांचा. दिवे लागल्यापासून जेवण होईपर्यंत घरात कोणी तोंडानं बोलायचं नाही. घर म्हणजे समुद्र. जो बोलेल त्यानं भांडी घासायची. खुणा आप्पांनीच शिकवल्या, घाटावर शिकवायचे तशा, चुकलं की टपली मारून. बोटांचा गोल म्हणजे ठीक आहे. पंजा डावी-उजवीकडे डुलवला म्हणजे काहीतरी बिनसलंय. अंगठा वर म्हणजे पुरे, मी वर निघालो. व्हिडिओत गळ्यावरून आडवा हात फिरवायची एक खूण होती, हवा संपली अशी. ती त्यांनी शिकवली नाही. आम्हीही विचारली नाही.

अंगठ्याचा मात्र त्यांनी फार सराव घेतला. पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार असतो. माझी जोडीदार प्रणोती, आप्पांची आई. ते होडीत असणार असले तरी जोडी ती आणि तेच. जोडीतल्या कोणीही, कधीही अंगठा वर केला की विषय संपला. कारण विचारायचं नाही. समोरच्यानं तसाच अंगठा वर करून दाखवायचा आणि मगच निघायचं. एकट्यानं निघायचं नाही आणि दुसऱ्याला अडवायचंही नाही. हे सगळं आप्पांनी हातांनी समजावलं, आणि प्रणोतीनं व्हिडिओ बघून खात्री केली. मी दर दोन मिनिटांनी अंगठा वर करून गणिताच्या मास्तरासारखं तोंड करायचो. प्रणोतीला तिचा अंगठा वर करावाच लागायचा. नियम होता.

पहिले काही दिवस भांडी मी घासली. मग हात सुटले. तीन खुणांवर घर चालत नाही, तेव्हा आम्ही आमच्या खुणा काढल्या. ताक, पंखा, गॅस बंद कर. माझ्यासाठी आप्पांनी डोक्याजवळ स्क्रू फिरवल्यासारखी खूण ठरवली, ती पुढे नातेवाईकांतही चालली.

आणि एका संध्याकाळी आप्पांनी आमटीचा घोट घेतला, तीन बोटांची चिमूट केली, ती जिभेजवळ नेऊन तोंड वाकडं केलं. मीठ जास्त.

आई थांबली. ऑपरेशनपासून आप्पांना वासही येत नव्हता आणि चवही धड कळत नव्हती. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. आमटीत मीठ बरोबर होतं. आईनं पदर खोचला. एक हात ओट्याकडे केला, एक त्यांच्याकडे. उठा आणि करा स्वतः. आप्पांनी कपाळावर हात मारून आपल्या नशिबाची खूण केली. आईनं तिच्या माहेरच्या दिशेला बोट केलं. आप्पांनी तिकडची एसटी केव्हा आहे ते मनगटावर टिचकी मारून विचारलं. जेवण होईपर्यंत ते हातवारे करत भांडत होते आणि घरात चमच्यांशिवाय आवाज नव्हता. प्रणोती माझ्याकडे बघत होती. तिनं ताटाच्या कडेला हळूच बोटांचा गोल केला. मीही केला.

त्यानंतर मीठ रोजच जास्त व्हायला लागलं.

दिवाळीत शेजारच्या पाटणकर काकू चिवड्याचं ताट परत द्यायला नेमक्या त्या तासात आल्या. आईनं त्यांना खुणेनं बसायला सांगितलं. प्रणोतीनं खुणेनं चहा विचारला. मी खुणेनं काका कसे आहेत असं विचारलं. काकू एकेका तोंडाकडे बघत उलट पावली बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी चार घरांतून ज्येष्ठमध आला आणि एका घरातून अंगारा. आप्पांनी अंगारा चौघांनाही लावला.

सहल मात्र पुढे जात होती. दिवाळीत जायचं होतं, तर आप्पांनी हात लाटांसारखे हलवले. समुद्र खराब आहे. नाताळात जायचं ठरलं, तर त्यांनी दोन्ही पंजे एकमेकांत कोंबले. गर्दी. संक्रांतीनंतर, असं तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा मी मालवणच्या त्या विद्यार्थ्याचा नंबर शोधून काढला. मला फक्त विचारायचं होतं की गळ्याला असं भोक असलेल्या माणसाला होडीत बसवलं तर तुषार उडतात का. फोन मी बसस्टँडवरून केला. सरांचा आवाज गेला हे पराडकर नावाच्या त्या माणसानं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला की सरांचं बुकिंग कधी आलेलंच नाही. दिवाळीला नाही, नाताळाला नाही. आलं असतं तर तो स्वतः न्यायला आला असता.

आवाज नसलेल्या माणसानं फोनवरून बुकिंग कसं केलं असेल, हा प्रश्न चार महिन्यांत आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. मी शिकलेला होतो, प्रणोती शिकत होती.

घरी जाऊन त्यांना पकडायचं, असं ठरवून मी निघालो. वाटेत वाक्यंही जुळवली, चांगली बोचरी. दार उघडलं तेव्हा दिवे लागले होते. आई वांगी चिरत होती आणि विळीवरून हात उचलून उचलून आप्पांना काहीतरी सुनावत होती. आप्पा मान डोलावत, चुकीच्या ठिकाणी मुद्दाम मान डोलावत, ऐकत होते. प्रणोती चिमटा लावून अभ्यास करत होती. बुकिंग झालेलंच नाही, याला आमच्याकडे खूण नव्हती. मी चप्पल काढली, चिमटा घेतला आणि बसलो.

जेवणं निम्मी झाल्यावर आप्पांनी ताट बाजूला सरकवलं आणि अंगठा वर केला.

आईला वाटलं सराव आहे. तिनं त्यांच्या ताटातल्या भाताकडे बोट केलं. आधी तो संपवा. अंगठा खाली आला नाही. मीठ जास्त आहे का, असं तिनं चिमूट करून विचारलं. आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी शर्टाची कॉलर बाजूला केली, आईचा हात धरला आणि तिची बोटं जबड्याच्या खाली, मानेच्या उजव्या बाजूला ठेवली. आईची बोटं तिथे थोडी फिरली आणि एका गाठीवर थांबली.

पुढचं त्यांनी हातांनीच सांगितलं, सावकाश, आम्हा तिघांना कळेल असं. हात स्टिअरिंगसारखे फिरवले आणि पूर्वेकडे बोट केलं. मिरज. सकाळी बसनं, एकटे. डॉक्टर. सुरी. मग मशीनची खूण, डोक्यावरून फिरणारं मोठं मशीन, जे मागच्या वेळी झालं होतं आणि ज्यानंतर महिनाभर त्यांना थुंकी गिळता येत नव्हती. डॉक्टर म्हणतात, पुन्हा. दोन्ही हात एकमेकांवरून झटकून त्यांनी ते 'पुन्हा' पुसून टाकलं. आणि आईकडे बघत अंगठा वर केला.

भोकातून येणारा त्यांचा श्वास ऐकू येत होता. प्रणोतीच्या नाकाला अजून चिमटा होता. ती तोंडानं श्वास घेत होती, शिकवल्यासारखी.

"का?" आई म्हणाली.

आप्पांचा अंगठा तसाच.

"मी विचारतेय का. सोसेल की. मागच्या वेळीपण सोसलं." आणि थोड्या वेळानं, "मी नाही करायची ती खूण."

तिनं हात पदरात गुंडाळून घेतले. दोन्ही हात, कोपरापर्यंत. माझ्याकडे विनोद नव्हता. मी सगळीकडे शोधला.

आप्पांनी अंगठा खाली घेतला. उठले, आईचं ताट उचललं, आमची ताटं उचलली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसले. आई बोलली होती, म्हणजे भांडी आईची होती. थोड्या वेळानं ती आत गेली आणि त्यांच्या बाजूला बसून विसळायला लागली. त्यांनी तिला कोपरानं ढकललं. ती हलली नाही.

त्या रात्री मी पराडकरला फोन करून बुकिंग केलं.

आप्पा त्या वर्षीचे आंबे चाखून गेले. चव कळत नव्हती तरी रस मागून घेतला होता. पण ते मे महिन्यातलं. मला सांगायचं आहे ते फेब्रुवारीतलं.

होडीच्या बरोबर मध्ये, तुषार पोचणार नाहीत अशा जागी पराडकरनं आप्पांसाठी प्लास्टिकची खुर्ची बांधून ठेवली होती. गळ्याभोवती पंचा गुंडाळून ते बसले होते आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक अनोळखी पर्यटकाचा पट्टा बोटानं ओढून तपासत होते. कोणी विचारलं नाही, हा माणूस कोण. आईनं काळा रबरी पोशाख घातला होता. मंगळसूत्र आत, टिकली बाहेर. किनाऱ्यावर पराडकरच्या माणसानं आम्हाला खुणा शिकवायला घेतल्या होत्या. गोल, पंजा, अंगठा. पाच मिनिटांत तो थांबला आणि आम्ही हे कुठे शिकलो असं त्यानं विचारलं. आईनं होडीकडे बोट केलं.

महिनाभर तिनं त्या अंगठ्याचा विषय काढला नव्हता. आप्पांनीही परत केला नव्हता. मिरजेला पुन्हा कोणी गेलं नाही, पण जायचं नाही असंही ठरलं नव्हतं. दवाखान्याची पिशवी भरलेली दाराशी होती.

मी आणि प्रणोती आधी खाली गेलो. तिथे काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत नाही. खरंच तसंच असतं. थोड्या वेळानं वरून आईचे पाय आले, मग आई आली. पराडकरनं तिला मागून धरलं होतं. तळाशी टेकल्यावर तिनं डोळे उघडले. तिच्याभोवती पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे जमले होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मान वर करून ती होडीचा तळ बघत होती. चिंचोक्याएवढा काळा तळ, आणि त्याच्याभोवती उजेड.

पराडकरनं तिच्यापुढे बोटांचा गोल धरला. ठीक आहे ना? आईनं तीन बोटांची चिमूट केली, नळीजवळ नेली आणि हात झटकला. पराडकरला कळेना. त्यानं पुन्हा गोल केला. आईनं पुन्हा चिमूट. त्यानं तिची नळी तपासली, टाकी तपासली, मला विचारलं. मी पाण्याखाली हसलो आणि खारं पाणी प्यायलो. आईचं म्हणणं बरोबर होतं.

वर आल्यावर पराडकर होडीला धरून म्हणाला, "सर, काकूंना खाली काहीतरी होत होतं. चिमूट चिमूट करत होत्या. माझ्या शिकण्यात ही खूण नाही."

मी शिडीवरूनच आप्पांना ती करून दाखवली. ते खुर्चीत बसल्या जागी हलायला लागले. पंचा गळ्यावर फडफडला. इतके हसले की बाजूच्या पर्यटकाला वाटलं त्यांना काही झालं, आणि तो पाणी घेऊन धावला.

आई अजून पाण्यात होती. एका हातानं तिनं शिडी धरली होती. चष्मा कपाळावर, टिकली गेलेली. हसू संपेपर्यंत ती आप्पांकडे बघत थांबली. मग तिनं दुसरा हात पाण्याबाहेर काढला आणि अंगठा वर केला.

"काकू, वर आलात की," पराडकर म्हणाला. "आता ती करायची नसते."

आईनं हात खाली घेतला नाही.

आप्पा उठले. पराडकर ओरडला की सर, बसा, पाणी उडेल. आप्पांनी एका हातानं पंचा गळ्याशी दाबून धरला, कठड्यावरून वाकले, तो हात पकडला आणि घाटावर ओढायचे तसं एका झटक्यात तिला वर घेतलं.